गावच्या दुष्काळाचा माग: इतिहासाची साधनं शोधायची कशी, वाचायची कशी

"आमच्या गावचा इतिहास लिहायचाय, कागद कुठे मिळतील?" असं विचारणारे आता पुष्कळ भेटतात आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. आपल्या खापरपणजोबांचं नाव कुठल्यातरी सरकारी वहीत असू शकतं, हे त्या निमित्ताने कितीतरी घरांत पहिल्यांदा कळलं. पण कागद आहेत हे कळणं वेगळं आणि हवा तो कागद शोधून, वाचून, पारखून घेणं वेगळं. हे दुसरं काम कसं करायचं ते इथे एकच उदाहरण धरून सांगतो.

उदाहरण माझ्याच गावचं आहे. पुणे जिल्ह्यात, नीरा नदीच्या काठी. गावाच्या कडेला एक पडीक रान आहे. म्हातारी माणसं सांगत, "मोठ्या दुष्काळात उठून गेले त्यांचं ते." कोण उठून गेले, कुठे गेले, हे कोणालाच सांगता येत नसे. मोठा दुष्काळ म्हणजे १८७६ ते १८७८ चा. त्या रानाचा माग काढताना मी जे शिकलो तेच या लेखात आहे.

आधी प्रश्न ठरवा

"गावाचा इतिहास" हा प्रश्न होत नाही. एवढं मोठं तोंड घेऊन दफ्तरखान्यात गेलात तर तिथला माणूस तरी कोणता रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) काढून देणार? प्रश्नात तीन गोष्टी असल्या पाहिजेत: ठिकाण, काळ आणि माणसं. "१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आमच्या गावातली कोणती घरं गाव सोडून गेली आणि त्यांच्या जमिनींचं पुढे काय झालं?" हा प्रश्न झाला. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शोधाच्या ओघात तो बदलेल, बदलू द्या. पण पहिला प्रश्न खोडू नका. आपण कुठून निघालो ते पुढे फार उपयोगी पडतं.

प्रश्नाखाली लगेच दुसरी यादी करा: हा प्रश्न त्या काळी आणखी कोणाला पडला असेल? सारा गोळा करणाऱ्या मामलेदाराला पडला असेल, कारण उठून गेलेल्या घराचा सारा बुडतो. सावकाराला, कारण कर्ज बुडतं. दुष्काळी कामावरच्या कारकुनाला, मिशनऱ्याला, वर्तमानपत्राच्या बातमीदाराला. ज्याला प्रश्न पडला त्यानेच कागद केला. ही यादी म्हणजे तुमच्या शोधाचा नकाशा.

अव्वल साधन आणि दुय्यम साधन

घटनेच्या वेळी, घटनेत असलेल्या किंवा ती पाहिलेल्या माणसाकडून झालेली नोंद म्हणजे प्राथमिक साधन. जुने संशोधक त्याला अव्वल साधन म्हणत. पत्र, हिशेब, सनद, निवाडा, शिलालेख, नाणं, रोजनिशी, नकाशा हे सगळं त्यात येतं. अशा साधनांवरून मागाहून कोणी अभ्यास करून लिहिलं ते दुय्यम. दुय्यम म्हणजे हलकं नव्हे, हे आधी मनात पक्कं करा.

आता खरी मेख. एकच पुस्तक एका प्रश्नासाठी अव्वल असतं आणि दुसऱ्यासाठी दुय्यम. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथमालेत, पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ चा आहे. त्यात शिवकाळाविषयी जे आहे ते दुय्यम, कारण लिहिणाऱ्याने ते दुसरीकडून घेतलं. पण १८८० च्या सुमारास कोणत्या गावी कोणत्या वारी बाजार भरत होता, हे त्याच खंडात वाचाल तेव्हा ती समकालीन नोंद असते. त्यामुळे पुस्तकावर शिक्का मारू नका, त्यातल्या प्रत्येक विधानाला विचारा: हे याला कसं कळलं?

काळाचं अंतर किती घोळ घालतं याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांची जन्मतिथी. उत्तरकालीन बखरींवर विसंबून बराच काळ १६२७ हे साल चालत होतं. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची सालवार यादी, उजेडात आणली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. महाराजांच्या पदरी असलेल्या परमानंद कवीच्या 'शिवभारत' काव्यातही हीच तिथी येते. एकमेकांपासून वेगळी अशी दोन जवळची साधनं जुळली, तेव्हा मागाहून लिहिलेल्या बखरींचं पारडं हलकं झालं. बखर टाकून द्यायची असा याचा अर्थ नाही. बखर लिहिली गेली त्या काळात लोक महाराजांकडे कसं पाहत होते, या प्रश्नासाठी तीच बखर अव्वल साधन आहे.

सुरुवात छापील पुस्तकांपासूनच

नवशिक्याला मूळ कागदाची ओढ असते आणि ती चांगलीच आहे. तरी पहिले दोन-तीन महिने ग्रंथालयात घालवा. पार्श्वभूमी माहीत नसताना अस्सल कागद हातात आला तर तो बोलत नाही.

जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर आधी वाचा: इंग्रजी मूळ खंड, आणि जोडीला राज्य सरकारने पुढे काढलेले खंडही. शेतीच्या प्रकरणात दुष्काळांचा वृत्तांत असतो, शेवटी गावांची टिपणं असतात. खेड्याचा कारभार कसा चाले हे समजायला त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) आजही लागतो. एका गावावर किती खोलवर लिहिता येतं हे पाहायचं असेल तर ना. गो. चापेकर यांचं 'बदलापूर' पाहा. पुण्याजवळच्या लोणी गावाची गोष्ट तर विलक्षण आहे. पेशवाई बुडाल्यावर लगेचच टॉमस कोट्स या डॉक्टरने त्या गावाची घरं, शेतं, कर्ज, जेवणखाण यांची पाहणी लिहून ठेवली. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी लोणीकंदला जाऊन सव्वाशे वर्षांनंतरचं गाव त्याच्याशी ताडून पाहिलं. कोट्सची पाहणी अव्वल साधन, घुर्यांचं पुस्तक त्यावरचा अभ्यास आणि आज घुर्यांनी टिपलेलं गावसुद्धा आपल्यासाठी अव्वल साधनच!

विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर मिळतात. पुण्याच्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयाने अहवाल आणि जुनी पुस्तकं मोठ्या संख्येने संगणकावर आणली आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर गॅझेटियरचे आणि सरकारी निवडक कागदांचे खंड सापडतात. शोधताना गावाच्या नावाची जुनी इंग्रजी वर्णरचना तीन-चार तऱ्हांनी घालून पाहा. यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरं चुकलेली असतात, म्हणून शोधात नाव आलं नाही तरी तालुक्याचं प्रकरण डोळ्यांनी चाळा.

आणि प्रत्येक चांगल्या पुस्तकाच्या तळटीपा वाचा. मी तर मजकुराआधी तळटीपाच वाचतो. एका तळटीपेत दफ्तराचं नाव, रुमालाचा क्रमांक, अहवालाचं साल असं तयार पत्त्यासारखं मिळतं. एकच अहवाल तीन लेखकांच्या तळटीपांत आला की तो आपणही मुळातून पाहायचा. कितीदा तरी तिघांनी एकमेकांचंच उतरवून घेतलेलं निघतं.

गाव तेव्हा कोणाच्या राज्यात होतं?

ही पायरी लोक विसरतात आणि वर्षभर चुकीच्या ठिकाणी शोधत बसतात. आमच्या गावासमोर नीरा ओलांडली की फलटण संस्थान लागत असे. वरच्या अंगाला भोर संस्थान. नदीच्या एका काठाचे कागद इंग्रज सरकारच्या पुणे जिल्ह्याचे, दुसऱ्या काठाचे संस्थानचे. पाहुणे-रावळे दोन्ही काठांवर, आणि कागद मात्र दोन दिशांना.

मराठवाड्यातलं गाव असेल तर १९४८ पर्यंत तिथे निजामाचा अंमल होता. मोठा साठा हैदराबादच्या राज्य पुराभिलेखागारात आहे आणि फार्सी-उर्दूची तयारी लागेल. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला, नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं; तिथे नागपूरच्या पुराभिलेखागारापासून सुरुवात करा. वऱ्हाडचं गॅझेटियर तर १८७० चं आहे, मुंबई इलाख्याच्या आधीचं. गोव्यासाठी पणजीचं दफ्तर. त्याची स्थापना १५९५ ची आणि पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथल्या पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा केवढा इतिहास बाहेर काढला! तंजावरच्या मराठी घराण्यांतल्या कोणाला आपला माग काढायचा असेल, तर सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत.

तालुक्याच्या वरची जुनी नावंही जमवा. पेशवाईतल्या कागदात आजचा तालुका नसतो. तिथे मौजे, कसबे, तर्फ, परगणा, प्रांत अशी उतरंड असते. नीरेकाठच्या गावांसाठी 'नीरथडी' हा शब्द शोधावा लागतो, हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी मी यादीत गावाचं नुसतं नाव पाहत होतो आणि त्याच नावाची निरनिराळ्या परगण्यांतली चार गावं निघत होती.

छापलेली अव्वल साधनं

मूळ कागदांतलं बरंच काही आधीच्या पिढ्यांनी छापून ठेवलं आहे. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि खंडांची संख्या २२ वर गेली. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड काढले. गणेश चिमणाजी वाडांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशीत गावपातळीवरच्या हकिकती पुष्कळ आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या 'शिवचरित्र साहित्य' मालेत वतनाचे, म्हणजे वंशपरंपरागत हक्कांचे, तंटे भरभरून येतात. हे खंड सूचीवरून वाचा, गावाचं नाव आणि शेजारच्या पाच गावांची नावं शोधा. पण निवड ही कोणाच्यातरी नजरेने झालेली असते हे विसरू नका. लढाया आणि दरबार छापले गेले, गावचे जमाखर्च बहुतेक रुमालातच राहिले.

दुष्काळासाठी मात्र एकोणिसाव्या शतकाचे छापील अहवाल पाहावे लागतात. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला. त्यावर नेमलेल्या आयोगाच्या अहवालाला जोडलेल्या परिशिष्टांत शेतकऱ्यांच्या कर्जाचा बारीक तपशील आहे. दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमच्या भागातलं घर कसं जगत होतं, हे मला तिथे दिसलं. दुसरे म्हणजे जमाबंदीचे, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याचे, अहवाल. इंग्रजी मोजणी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात सुरू झाली आणि सुमारे ३० वर्षांनी फेरपाहणी होई. त्या अहवालांत तालुक्यातली लोकसंख्या, गुरं, नांगर, गाड्या, विहिरी मोजलेल्या असतात. दोन पाहण्या शेजारी ठेवल्या की मधल्या काळात काय घडलं त्याची सावली दिसते. १८७२ आणि १८८१ ची खानेसुमारीही तशीच तालुकानिहाय शेजारी ठेवा.

सरकारच्या बाहेरचा आवाज पुणे सार्वजनिक सभेने ठेवला आहे. सभेने गावोगावची माहिती जमवून दुष्काळाचे वृत्तांत सरकारकडे धाडले होते. सावित्रीबाई फुले यांनी ओतूरहून जोतीरावांना २० एप्रिल १८७७ रोजी लिहिलेलं पत्र तर प्रत्येकाने वाचावं. दुष्काळात फिरणाऱ्या कार्यकर्तीने त्याच दिवसांत लिहिलेला तो मजकूर आहे, इतकं जवळचं साधन क्वचित मिळतं.

वर्तमानपत्रं शोधताना आधी साल पाहा. या दुष्काळासाठी 'केसरी' चाळणारे मी पाहिले आहेत. 'केसरी' १८८१ चा. तुम्हाला लागेल पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' (१८४९ पासून), मिशनऱ्यांचा 'ज्ञानोदय' (१८४२ पासून) आणि १८७७ मध्ये निघालेला 'दीनबंधु'. छायाचित्रांबाबत अधिकच जपून राहा. महाराष्ट्रातले म्हणून फिरणारे हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे फोटो पुष्कळदा मद्रास इलाख्यातले, हूपर या लष्करी अधिकाऱ्याने काढलेले असतात. त्या माणसांचं दुःख आपल्या गावच्या नावावर खपवणं हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय आहे.

दफ्तरखान्यात

पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजेच पेशवे दफ्तर, आणि मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्याचं मुख्य पुराभिलेखागार ही दोन ठिकाणं पुणे जिल्ह्यासाठी महत्त्वाची. पुण्यात मोडीचे हजारो रुमाल आहेत, मुंबईत इंग्रजी कारभाराच्या विभागवार नस्ती (फायली). दुष्काळाचा प्रश्न मुंबईच्या महसूल विभागात, उठून गेलेल्या घराच्या वतनाचा प्रश्न पुण्यात, अशी ढोबळ वाटणी समजा. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) इथल्या खासगी संग्रहांचीही चौकशी करा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे बरेच कागद 'अभिलेख पटल'वर घरबसल्या पाहता येतात.

जाण्यापूर्वी नियम विचारून घ्या. ओळखपत्र, अर्ज आणि शक्य असेल तर एखाद्या संस्थेचं किंवा प्राध्यापकाचं शिफारसपत्र जवळ असावं. फोटो काढू देतात का, नकलेचं शुल्क किती, हे आधीच ठरवून जा. पेन नको, शिसपेन न्या. पहिल्या दिवशी एकही रुमाल मागू नका. याद्या आणि सूची वाचा, दफ्तराची विभागणी समजून घ्या, तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांशी आदराने बोला. ३० वर्षं रुमाल बांधणाऱ्या माणसाला सूचीत नसलेलं माहीत असतं.

रुमाल समोर आला की कागदांचा क्रम मोडायचा नाही. शेजारी कोणता कागद आहे हेसुद्धा माहितीच आहे: तंट्याच्या निवाड्याशेजारी त्यातल्या साक्षी असतात. कागद उलटून मागची बाजू पाहा. तिथे नोंदीचे शेरे, पोचल्याच्या तारखा असतात. ज्या दिवशी काहीच सापडत नाही त्या दिवसाचीही नोंद करा: कोणता रुमाल पाहिला, काय नव्हतं. नाहीतर दोन वर्षांनी तोच रुमाल पुन्हा मागवाल.

मोडी आणि तारखा

मोडीला घाबरू नका. आधी पूर्ण ओळीची रेघ आखून खाली अक्षरं जोडत गेलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि 'मौजे मजकूर' (सदर गाव), 'बिन' (अमक्याचा मुलगा), 'राजश्री' असे ठरलेले शब्द संक्षेपात येतात. पुराभिलेख विभागाचे आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचे वर्ग असतात. वर्ग संपल्यावर ज्याचं देवनागरी वाचन छापलेलं आहे असा कागद घ्या, स्वतः वाचा आणि मग ताडून पाहा. रोज एक पान, सहा महिने. एकोणिसाव्या शतकातला कारकुनी मोडी पेशवाईच्या मोडीहून वेगळा दिसतो, तेव्हा ज्या काळाचं काम आहे त्याच काळाचा मोडी घोटा. फार्सी शब्दांसाठी माधव जूलियन म्हणजे मा. त्रिं. पटवर्धन यांचा फार्सी-मराठी कोश, जुन्या मराठीसाठी मोल्सवर्थ, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हाताशी ठेवा.

तारखांवर मात्र खरोखर वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शालिवाहन शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनाअखेर ७९ मिळवले की इसवी सन येतो. पेशवाईत सुहूर सन चाले आणि तो अरबी अंकशब्दांत लिहीत. त्याचं वर्ष मृगाला लागतं. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ अधिक ६० अधिक १०० अधिक १०००, सुहूर ११६१. हे वर्ष १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंतचं, म्हणजे पानिपताची १४ जानेवारी १७६१ त्यातच पडते. 'सबा' म्हणजे ७ आणि 'सबैन' म्हणजे ७०. शब्दाचा शेवट अस्पष्ट असला तर ६३ वर्षांची चूक होते. तारखेआधी 'छ' दिसला तर तो चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. शिवकाळासाठी खरे जंत्री आणि अठराव्या शतकाच्या पुढच्या भागासाठी मोडक जंत्री (जंत्री म्हणजे निरनिराळ्या गणनांच्या तारखा जुळवून देणारं कोष्टक) वापरून प्रत्येक तारीख पडताळा.

युरोपियन तारखाही सरळ नाहीत. पोर्तुगीजांनी नवी (ग्रेगोरियन) दिनगणना १५८२ मध्ये घेतली, इंग्रजांनी १७५२ मध्ये. त्यामुळे सतराव्या शतकात एकाच दिवसाची तारीख गोव्याच्या पोर्तुगीज आणि सुरतेच्या इंग्रज कागदात दहा दिवसांनी वेगळी येते. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही जुन्या गणनेची तारीख आहे. त्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता आणि त्याने स्वतः पाहिलेलं लिहून ठेवलं. ते वाचताना ही गणना मनात धरावी लागते.

वहीत मूळ तारीख जशी आहे तशीच उतरवा, रूपांतर शेजारी कंसात लिहा. चूक निघाली तर मूळ हाताशी राहतं. मापांचंही तसंच: चावर, बिघे, खंडी, पायली यांचं एकर आणि किलो करण्याची घाई नको, पायली गावोगाव बदलत असे.

गावातच काय आहे

तलाठी आणि भूमी अभिलेख कार्यालयात सातबारा, फेरफार, आकारबंद, जुना गावनकाशा पाहा. जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक यांतून माणसांची नावं मिळतात, पण सगळीकडे ती वही तितकी जुनी सापडत नाही. शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत घराण्याची नामावळ मिळते आणि उठून गेलेलं घर पुढे कोणत्या गावचं म्हणून तीर्थाला आलं, हेही कधीकधी तिथेच कळतं.

घरातल्या दफ्तरासाठी घाई करू नका. जुने कागद मागणाऱ्या माणसाची लोकांना भीती वाटते, जमिनीचं काही तरी निघेल म्हणून. ती भीती रास्त आहे. दोनदा नुसते भेटून या. कागद घराबाहेर नेऊ नका, तिथेच उजेडात फोटो काढा आणि वाचन लिहून त्यांना द्या. चिकटपट्टी, लॅमिनेशन अजिबात नको. सुती कापडात सैल बांधलेलं पुडकं बरं. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराची स्मरणशिळा) किंवा लेख असलेली शिळा घासू नका, तिला रंग-तेल लावू नका. संध्याकाळी बॅटरी बाजूने तिरपी धरली की झिजलेली अक्षरंही उठून दिसतात.

तोंडी आठवणी घेताना साल विचारू नका. "पानशेतच्या पुराआधी की नंतर?", "कोयनेच्या भूकंपाला तुम्ही केवढ्या होतात?", "बहात्तरच्या दुष्काळात?" असं विचारा. त्याआधीचं ऐकीव असेल तर "मानमोडीच्या साथीत" अशी खूण येते, ती १९१८ ची. कोणाकडून ऐकलं तेही विचारा. आणि बायकांशी बोला. गावाचा कागद पुरुषांनी केला, पण जात्यावर बायका गात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून गोळा झालेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखावर आहे. त्यांत सासुरवास, भूक, भाऊ, पाऊस सगळं आहे.

पारख

कागद अस्सल आहे का, हे आधी पाहा. इनामांची चौकशी झाली त्या काळात आणि वतनाच्या तंट्यांत बनावट सनदा तयार झाल्या. शिक्का, अक्षर, भाषा, तारीख आणि त्या दिवशी तो अधिकारी खरोखर त्या पदावर होता का, हे ताडा. मोर्तब म्हणजे लेखनाची सीमा. मोर्तबानंतर एखादी ओळ वाढलेली दिसली तर तिथे थांबा.

अस्सल कागदही खरं बोलतोच असं नाही. करीना म्हणजे वादीने मांडलेली आपली बाजू, महजर म्हणजे गोताच्या, अर्थात गावच्या न्यायसभेच्या, साक्षीने झालेला निर्णय. करीन्यातली गोष्ट महजरातल्या गोष्टीसारखी वापरू नये. दुष्काळात तर हे फारच जाणवतं. दुष्काळी कामांच्या पाहणीवर पाठवलेले इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी दुष्काळी कामावरची मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्याच्या आसपास आणली. पुणे भागातल्या मजुरांनी कमी मजुरीची कामं सोडली आणि सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. आता त्यांच्या हाताखाली तयार झालेला अहवाल "मजुरी पुरेशी होती" म्हणत असेल, तर तो कोणाला वाचून दाखवायचा होता हे ध्यानात ठेवून वाचा. सभेलाही आपली बाजू होती. दोन्ही शेजारी ठेवा आणि जिथे दोघांचं एकमत आहे तिथे पाय रोवा.

मग न दिसणाऱ्यांकडे वळा. कागद झाला तो वतन, कर्ज, सारा, तंटा यांपायी. ज्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं तो कागदात नाही. महार मंडळी सीमेच्या तंट्यात साक्षीदार म्हणून येतात, हाडकी-हाडोळ्याच्या (महारांच्या वतनी जमिनीच्या) नोंदीत येतात. तिथे शोधलं तर नावं मिळतात. शेतमजूर बाई दुष्काळी कामाच्या आकड्यात एक संख्या म्हणून येते. ती संख्या लिहाल तेव्हा ती माणसं होती हे वाचकाला कळेल असं लिहा.

टिपण आणि लेखन

प्रत्येक कागदाचं एक वेगळं टिपण: दफ्तर, रुमाल, पुडकं, कागदाचा प्रकार, कोणी कोणास, मूळ तारीख, रूपांतर, उतारा जसाच्या तसा आणि आपलं मत वेगळ्या शाईने. न लागलेलं अक्षर प्रश्नचिन्ह घालून तसंच सोडा. अंदाजाने भरलेलं अक्षर वर्षभराने आपल्यालाच खरं वाटू लागतं. फोटोंना त्याच संध्याकाळी नावं द्या आणि दोन ठिकाणी ठेवा.

लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या दिसू द्या: कागद काय म्हणतो, लोक काय सांगतात आणि मला काय वाटतं. आमच्या पडीक रानाविषयी माझ्या वहीत आज एवढंच आहे. कागद: जमीन दुष्काळाच्या आधी एका कुळाच्या नावावर, नंतरच्या वहीत दुसऱ्याच्या. लोक: ते घर उठून गेलं. मत: सारा आणि कर्ज दोन्ही थकल्यावर जमीन सुटली असावी. पहिल्या ओळीतलं कुळाचं नाव मी गावातल्या सर्वांत वयस्कर आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे आडनाव नदीपलीकडे आहे की." फलटण संस्थानच्या कागदांची यादी मी त्यानंतर मागवली.